केझीमावशीचे आभार मानू नका

व्हील प्रुडन्सच्या खाणवस्तीत कुणाचं पोर भाजलं की आई आधी किंचाळायची आणि मग केझीमावशीचं नाव घ्यायची. तसं मोठ्या रस्त्याला बर्चॉलचं औषधांचं दुकान होतं. खिडकीत लाल-हिरव्या पाण्याच्या बरण्या मांडलेल्या असत. आठवड्यातून दोनदा डॉक्टरही घोडागाडीतून येऊन जायचा. पण भाजलेलं पोर तिकडे घेऊन जाणारी बाई म्हणजे नुकतीच बोटीवरून उतरलेली, कुणीतरी परकी, हे ओळखून घ्यावं. आम्ही कॉर्नवॉलची माणसं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या या रखरखीत माळावर तांबं खणायला आलो, ते येताना पेस्टी ही आमची मांस-बटाट्याची भाजलेली करंजी, प्रार्थनाघरातली गाणी आणि गावातल्या प्रत्येक म्हातारीला मावशी म्हणायची खोड एवढं सगळं बरोबर घेऊन आलो. केझाया रोडा ही अशीच सगळ्यांची मावशी. सख्खी भाची तिला एकही नव्हती.

तिचा नवरा विल्यम खाणीत दरडीखाली गेला. पोटची तीन पोरं त्याआधीच गेली होती, दोन मायदेशी आणि एक बोटीवर. मागे राहिली ही एकटी. चुनखडीच्या घराच्या पुढच्या खोलीत आडवी फळी टाकून ती खमीर विकायची, आणि रानपाल्याची बिअर. बिअर अशी कडू की खाणीतले गडी म्हणायचे, मावशीची बिअर प्यायलेल्या माणसाला नरकात पाठवलं तरी तो कुरकुर करायचा नाही. मावशी म्हणायची, तू जाऊन ये आणि मग सांग. तोंडाची अशी फटकळ होती. पण खमिरात तिनं कधी कुणाला फसवलं नाही.

भाजण्यावरचा उपाय मात्र विकायचा नव्हता. भाजलेला हात किंवा पाय ती मांडीवर घ्यायची, ओठ हलवत काहीतरी पुटपुटायची, तीनदा फुंकर घालायची. मग डुकराच्या चरबीत कसला तरी पाला कढवून केलेलं मलम लावायची. मलम काय, आईच्या समाधानाला, असं तीच सांगायची. खरं काम शब्दांचं. ते तिला आजोबांनी दिले होते, कारण ते पुरुषाकडून बाईला आणि बाईकडून पुरुषालाच द्यायचे असतात. विल्यमला द्यायचे तिच्या मनात होते. तो तिच्याआधी गेला.

या उपायाची रीत आम्हा सगळ्यांना पाळण्यातच शिकवलेली. मावशीला विनवायचं नाही. काही द्यायचं नाही. आणि आभार तर मुळीच मानायचे नाहीत. आभार मानले की उतरलेलं सगळं परत चढतं. दारात जाऊन नुसतं म्हणायचं, "मावशी, आमच्या जॉनचा पाय भाजलाय," आणि उभं राहायचं. काम झालं की पोर उचलायचं, पाठ फिरवायची, चालू पडायचं. परक्यांना वाटायचं, काय उद्धट लोक आहेत. महिन्याभरानं कधी मावशीच्या उंबऱ्यावर तीन अंडी दिसायची, कधी सोललेला ससा. कुणी ठेवलं ते ती विचारायची नाही आणि कुणी सांगायचंही नाही.

बर्चॉलच्या डोळ्यांत हे खुपायचं. त्याच्याकडे चुन्याच्या निवळीत जवसाचं तेल घोटलेलं औषध होतं, बाटलीवर झकास कागद, पण ते घ्यायला कुत्रं फिरकायचं नाही. मग तो स्वतःच एक दिवस मावशीकडे आला. टोपी काढून खमिराच्या पिंपावर बसला आणि म्हणाला, नाव तुमचं, बाटली माझी, दोघांचंही भलं होईल. मावशीनं सांगितलं, नाव हवं तर घेऊन जा, मलम काही मिळायचं नाही. आता शहाण्या माणसानं तिथं थांबावं की नाही? यानं आधीच शहराहून कागद छापून आणले होते, "रोडामावशीचं भाजण्यावरचं मलम", भोवती वेलबुट्टी काढलेली. वर आमच्या साप्ताहिकात जाहिरातही देऊन बसला, लवकरच येत आहे म्हणून. सगळ्या गावानं ती वाचली आणि पोट धरून हसलं.

मावशीपासून दोन घरं सोडून हॅना राहायची. तिचा नवरा जोरी खाणीत. हॅनाची तीन बाळं वर्षाच्या आत गेली होती. कबरस्तानात कोपऱ्याला आमच्या तान्ह्यांची रांग आहे, तिथं तिन्ही शेजारी शेजारी. चौथी एली. ती तेवढी टिकली आणि पाच वर्षांची झाली. हॅनाचा सगळा जीव त्या पोरीत. पोर जरा शिंकली तरी ही हातातला घास टाकून उठायची.

एका सोमवारी, कपडे धुवायच्या दिवशी, उकळत्या पाण्याचा हंडा कलंडला आणि एलीचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भाजला. हॅना तिला छातीशी धरून मावशीच्या दारात आली. मावशीनं बघितलं, दोघींना आत घेतलं आणि दार लावलं. अकरा दिवस हॅना सकाळ-संध्याकाळ येत होती. बाराव्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा आत नवी गुलाबी कातडी आलेली. हॅनानं काय करावं? ॲप्रनचं टोक तोंडात कोंबलं, दातांनी घट्ट धरलं आणि पोरीला घेऊन तशीच घरी पळाली. मावशी त्या दिवशी एकटीच बसून खूप वेळ हसली.

मग आमची वर्षाची जत्रा आली. प्रार्थनाघराची पोरं बँडमागून मिरवत माळावर जातात, तिथं चहा असतो आणि प्रत्येकाला ताटलीएवढा केशरी पाव. त्या वर्षी एलीच्या हाती झेंडा दिला होता. उजव्या हातात, बाही वर सरकलेली, आणि हातावर डाग म्हणून नाही. ती गाताना हॅना बघत होती आणि रडत होती. गाणं संपलं तशी ती वळली, शेजारी मावशी होती तिच्या गळ्यात पडली, आणि तोंडून निघून गेलं, "मावशी, उपकार झाले गं तुझे. देव तुझं भलं करो."

निघालेला शब्द परत घेता येतो का? हॅनाचा चेहरा पांढरा पडला. मावशीनं तिला दूर धरलं आणि सावकाश म्हटलं, तू काही बोलली नाहीस आणि मी काही ऐकलं नाही. पण दोघींनीही ऐकलं होतं.

जानेवारी लागला. आमच्याकडे तो ऐन उन्हाळा. टाक्यांनी तळ गाठला, खाली राहिलं ते चहाच्या रंगाचं पाणी. डॉक्टर ओरडून ओरडून थकला की पाणी उकळून प्या. खाणीच्या कचेरीवर तसा कागदही चिकटवला. पण त्या उकाड्यात चुलीपुढे बसतंय कोण, आणि जळण तरी कुठाय? ताप घरोघर शिरला. बर्चॉलनं गोळ्या विकल्या, काढे विकले, कपाळावर लावायचं अत्तराचं पाणी विकलं. पहिल्या पंधरवड्यात चार पोरं गेली. त्यानंतर आजारी पडली ती एली.

नवव्या दिवशी तापात एली उजवा हात झटकायला लागली. "आई, हात भाजतोय." हॅनानं बाही फाडून बघितलं. वर काही नव्हतं, गोरा स्वच्छ हात. पोर मात्र तेच तेच म्हणत राहिली. हॅना धावत मावशीकडे गेली आणि दारात नुसती उभी राहिली. मावशी आली, हात मांडीवर घेतला, शब्द म्हटले, फुंकर घातली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ते नुसते शब्द वाटले. एली गुरुवारी दुपारच्या आत गेली. पांढरे कपडे घातलेल्या तिच्या बरोबरीच्या पोरींनी शवपेटी हातानं धरून नेली आणि आम्ही रस्ताभर गात गेलो, रीतच आहे तशी.

त्यानंतर हॅनाची चूल पेटली नाही. जोरीला शेजारणी पेस्टी करून द्यायच्या, ही कशाला हात लावायची नाही. पाद्री येऊन समजावून गेला की असल्या समजुती देवाला आवडत नाहीत. तिनं मान हलवली आणि होती तशीच बसली. मावशी रोज रस्सा घेऊन जायची. एकदा हॅना म्हणाली, "मी मारलं तिला."

मावशी म्हणाली, तापानं मारलं, आणखी चौघं गेलीच की.

"त्यांचा हात भाजत नव्हता, मावशी."

मावशीनं रश्श्याचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटत होतं. डॉक्टर पाणी म्हणू दे, पाद्री देव म्हणू दे. ज्या रितीवर ती साठ वर्षं जगली, ती रीत आभारापाशीच तुटली होती आणि ते तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं.

माळाच्या पलीकडे एक बंद पडलेली खाण आहे. सरळ खाली जाणारा खोल खड्डा, वर कुजक्या फळ्या. एका दुपारी मावशी पाला खुडायला तिकडे गेली तर काठावर हॅना. दोन फळ्या बाजूला सारलेल्या. ती खडे आत टाकत होती आणि कान देऊन ऐकत होती. मावशी झुडपामागून परतली. दुसऱ्या दिवशी बघितलं, तीच गत. तिसऱ्या दिवशी हॅनानं पायांतले बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवले होते. त्या दिवशी मावशी परतली नाही.

आता हिला ओढून घरी न्यावं, तर उद्या परत येईल. तुझी चूक नाही म्हणावं, तर विश्वास कशावर ठेवील? मनात रुतून बसलेला दोष काढायचा, तर तो ठेवायला दुसरी जागा पाहिजे. मावशीनं पाल्याची टोपली खाली ठेवली आणि सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"हॅना, मी बर्चॉलला मलम विकलंय."

हॅनानं वर बघितलं. "कधी?"

"जत्रेच्या आठवडाभर आधी. पैसे घेतले मी त्याच्याकडून. म्हातारपणाची भीती वाटली. माझ्या हातातलं तेव्हाच गेलं होतं, पोरी. तू आभार मानलेस ते रिकाम्या भांड्याचे. तुझ्या बोलण्यानं तुटायला काही उरलंच नव्हतं. तुटलं ते माझ्या हावेनं."

हॅनानं हातातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "आणि तू येऊन तिचा हात धरलास. माहीत असून धरलास."

"लाज वाटली सांगायला."

हॅना उठली आणि तिनं मावशीच्या तोंडात अशी मारली की म्हातारी झुडपात बसली. मग बूट हातात घेऊन, अनवाणीच, तरातरा घराकडे निघाली. संध्याकाळी तिच्या धुराड्यातून धूर निघाला. मावशी गाल चोळत आपल्या दारातून तो धूर बघत होती आणि डोळे पुसत होती. रागानं का होईना, बाई जेवली.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर हॅनानं सगळं सांगितलं. कुणी खोटं का मानावं? जाहिरात सगळ्यांनी वाचलेली होती. काहींनी बर्चॉलला विचारलं. तो हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही, नुसता दुकानदाराचं हसू हसला. भाजलेली पोरं त्याच्या दुकानाकडे वळणार होती, मग त्यानं कशाला तोंड उघडावं? मलम त्याच्या फळीवर कधी दिसलं नाही, हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. माणसाला एकदा राग धरायचा असला की डोळे काय कामाचे.

खमिराची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. प्रार्थनाघरात मावशीचा बाक मोकळा पडला, दोन्ही बाजूंना हात-हातभर जागा. उंबऱ्यावर अंडी दिसेनाशी झाली. ती खाणीच्या साहेबांकडची धुणी धुवायला लागली, साठी उलटल्यावर. गडी पूर्वी तिच्या बिअरची थट्टा करायचे, आता तीही करेनात, आणि तिला म्हणे तेच जास्त लागलं. हे सगळं आम्ही केलं. मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या शेजारणीनं पुढे सांगितली. भाजलेलं पोर रडत रडत बर्चॉलकडे नेताना मावशीच्या दारावरून न्यावं लागायचं. तेव्हा ती दाराआड उभी राहायची, हात ॲप्रनमध्ये गुंडाळलेले, आणि ओठ हलत असायचे. त्यानंतरच्या सहा वर्षांत भाजून एकही पोर दगावलं नाही. बर्चॉल म्हणतो, तेल माझं.

पुढच्या वर्षी हॅनाला मुलगी झाली, ग्रेसी. ती पाच वर्षांची असताना हिवाळ्यात तिला खोकला धरला. हॅना बर्चॉलकडून खोकल्याच्या वड्या घेऊन आली. घरी पुडी सोडली तर कागदाच्या आतल्या बाजूला वेलबुट्टी. तिला अक्षर लावून लावून वाचता येत होतं. रोडामावशीचं भाजण्यावरचं मलम. ती तशीच दुकानात परत गेली आणि कागद पुढे धरला. बर्चॉल वैतागून म्हणाला, "माझ्या जखमेवर मीठ नका चोळू, बाई. पाचशे छापले होते. म्हातारीनं चमचाभर मलम दिलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पुड्या बांधून संपवतोय."

हॅना दुकानातून निघाली ती घरी गेलीच नाही, थेट मावशीकडे. सहा वर्षांत पहिल्यांदा. मावशी अंथरुणाला खिळली होती, छाती भरलेली, श्वासाला घरघर. हॅनानं कागद गोधडीवर ठेवला.

"तू विकलं नव्हतंस."

"चष्मा नाही माझ्याजवळ. कसला कागद आहे?"

"मावशी, खोटं का बोललीस?"

मावशीनं डोळे मिटले. "तू बूट काढून ठेवले होतेस."

हॅनानं कागद परत हातात घेतला. मग तिच्या ध्यानात आलं, आणि आवाज अगदी बारीक झाला. "म्हणजे मीच होते तर. माझ्याच बोलण्यानं."

"मला माहीत नाही, पोरी," मावशी म्हणाली. "इथं पडून पडून पुष्कळ विचार केला. पाणी होतं, ताप होता. तुझा शब्दही होता. कशानं गेली ते देवाला विचारीन, आता जायचंच आहे. तू नको विचारत बसू. तुझी एक खोकतेय घरी."

हॅना तिच्याकडे बघत होती. सहा वर्षांचा मोकळा बाक, धुणी, ती थप्पड, सगळं तिच्या जिभेवर आलं आणि तिचं तोंड उघडलं. तेवढ्यात मावशीचा हात गोधडीतून बाहेर आला आणि तिच्या ओठांवर बसला. साबणानं फुटलेला, खरखरीत हात.

"नको. ग्रेसीला बरं वाटू दे आधी."

हॅनानं ॲप्रनचं टोक घेतलं आणि दातांत धरलं. तीन दिवस ती मावशीला रस्सा पाजत होती, उशी फिरवत होती, अंग पुसत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. शनिवारी सकाळी मावशी गेली. शब्द घ्यायला पुरुष कोणी आला नव्हता, ते तिच्याबरोबरच गेले.

हॅनानं पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून गावाला खरं काय ते सांगितलं, पहिल्यांदा सांगितलं होतं त्याच जागी. रविवारी खाण बंद असते. सगळी वस्ती आली. पेटी बायकांनी उचलली, आणि ज्यांची पोरं मावशीच्या मांडीवर बरी झाली होती त्या आळीपाळीनं खांदा देत गेल्या. रस्ताभर गाणं चाललं होतं. ग्रेसी आईचा हात धरून चालत होती, खोकला उतरला होता.

पाद्री नवा होता, चारच महिन्यांपूर्वी आलेला. त्यानं कबरीपाशी पुस्तक मिटलं आणि हात वर करून म्हटलं, "या भगिनीच्या आयुष्याबद्दल आपण सर्व मिळून आभार मानू या."

कुणाचंही तोंड उघडलं नाही. त्याला वाटलं, आम्हाला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा मोठ्यानं म्हटलं. चारशे माणसं मान खाली घालून उभी होती, प्रत्येक बाईनं आपलं पोर पोटाशी धरलं होतं. पुढे हॅना उभी होती. एका हातात ग्रेसीचा हात, दुसऱ्या हातानं ॲप्रन तोंडात कोंबलेला, आणि डोळ्यांतून पाणी गळतंय. पाद्री गोंधळून आमच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला, आणि मग एकट्यानंच आमेन म्हणाला.